आयोवरील ज्वालामुखींची छायाचित्रे

गुरूच्या 'आयो' या चंद्रावर जागृत ज्वालामुखी असल्याचे उघडकीस आले ते वेगळ्याच हेतूने घेतलेल्या छायाचित्रातून. 'व्हॉयेजर-१' यानाने ८ मार्च १९७९ रोजी सुमारे ४५ लाख किलोमीटरवरून टिपलेले हे छायाचित्र यानाचा मार्ग तपासण्यासाठी होते. अंधूक तारे दिसावेत म्हणून त्याची प्रखरता वाढविली असता, लिंडा मोराबिटो या अभियंत्यांना आयोच्या कडेवर छत्रीसारखा ढग दिसला. तो सुमारे ३०० किलोमीटर उंचीचा उद्रेकाचा फवारा होता. गुरू व शेजारच्या चंद्रांच्या ओढाताणीने आयोचा अंतर्भाग वितळत असावा, हे स्टॅन्टन पील आणि सहकाऱ्यांचे भाकीत जेमतेम आठवडाभर आधी प्रसिद्ध झाले होते. विज्ञानात इतका झटपट पडताळा क्वचितच येतो!

प्लुटोकडे निघालेल्या 'न्यू होरायझन्स'ने २००७ मध्ये 'त्वष्टर' ज्वालामुखीच्या फवाऱ्याची सलग पाच छायाचित्रे घेतली. हे नाव वैदिक देवशिल्पी त्वष्ट्याचे.

'जुनो' यान डिसेंबर २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आयोपासून अवघ्या १,५०० किलोमीटरवरून गेले. त्या वेळच्या गुरुत्वमापनानुसार आयोच्या कवचाखाली सर्वदूर पसरलेला, उथळ शिलारसाचा सागर नाही. शेकडो ज्वालामुखींपैकी प्रत्येकाला शिलारसाचा स्वतंत्र साठा असावा, असे संशोधकांचे मत आहे.