डिपॉझिट, पागडी आणि भिंगारची हद्द

१/ भाड्याची खोली सोडली आणि घरमालकाने डिपॉझिट परत दिले नाही, तर न्यायालयात दाद मागता येते. भिंगारमध्ये मात्र रकमेच्या आधी वेगळाच प्रश्न उभा राहतो. या घराला कायदा कोणाचा, मुंबईचा की दिल्लीचा? #इतिहास #थ्रेड

२/ भिंगार हे अहमदनगरहून जुने गाव. १४९४ मध्ये अहमद निजामशहाने त्याच्या शेजारी नवे शहर वसवले. १८०३ मध्ये वेलस्लीने भुईकोट किल्ला घेतला. पुढे इंग्रजांची छावणी उभी राहिली आणि भिंगारची नागरी वस्ती कॅन्टोन्मेंटच्या कारभाराखाली आली.

३/ छावणीतील घर हा इंग्रजांच्या दृष्टीने लष्करी विषय होता. खाजगी बंगले लष्करी अधिकाऱ्यांसाठी भाडेपट्ट्याने घेण्याचा अधिकार १९२३ च्या कायद्याने सरकारला दिला. राज्यघटनेनेही हा धागा सोडला नाही. केंद्रसूचीतील तिसऱ्या नोंदीत छावणीतील घरांचे नियमन, भाडेनियंत्रणासह, संसदेकडे सोपवलेले आहे.

४/ छावणीबाहेर भाडेकायदा राज्याचा. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाड्यावर मर्यादा घातली. कलम १८ अन्वये भाडेपट्टा देण्यासाठी पागडी किंवा अनामत घेणे हा गुन्हा ठरला. व्यवहार थांबला नाही, तो बिनपावतीचा झाला. ज्या रकमेची पावतीच नाही, ती न्यायालयात सिद्ध करायची कशी?

५/ हा कायदा छावणीत चालतो का? मुंबई उच्च न्यायालयाचे मत होते की चालतो. इतर काही उच्च न्यायालयांनी नेमका उलट निर्णय दिला. १९५७ मध्ये संसदेने मार्ग काढला : केंद्राने राजपत्रात अधिसूचना काढली, तर राज्याचा भाडेकायदा त्या छावणीला लागू करता येईल.

६/ १९६९ मध्ये बंगालमधील बराकपूर छावणीचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. निकाल स्पष्ट होता. छावणीतील भाडेनियंत्रणाचा कायदा करण्याचा अधिकार केवळ संसदेचा. मुंबई उच्च न्यायालयाचे मत टिकले नाही. त्या मतावर विसंबून छावण्यांत झालेल्या हुकूमनाम्यांचे काय, हा प्रश्न मागे उरला.

७/ २७ डिसेंबर १९६९ रोजी केंद्राने अधिसूचना काढून मुंबईचा कायदा पुणे व खडकी छावण्यांना लागू केला. १९७२ च्या दुरुस्तीने जुन्या हुकूमनाम्यांना संरक्षण दिले. तरीही खडकीतील एका घराच्या ताब्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८० मध्ये न्यायालयाने जुना हुकूमनामा वैध ठरवला.

८/ पुढे राज्याच्या कायद्यानेच दिशा बदलली. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला. त्याच्या कलम ५६ ने पागडी व अनामत कायदेशीर केली. कलम ५५ ने करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक केले. ही जबाबदारी घरमालकाची. नोंदणीकृत करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

९/ हे संरक्षण छावणीच्या हद्दीत आपोआप शिरत नाही, त्याला दिल्लीची अधिसूचना लागते. म्हणून भिंगारच्या भाडेकरूने प्रथम आपले घर छावणीच्या हद्दीत आहे का आणि अधिसूचना कोणती, हे पाहावे. भाडेकायदा लागू नसेल, तर १८७२ चा करार कायदा आणि १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा उरतो. दावा तेव्हा साध्या दिवाणी न्यायालयातला, आणि त्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची.

१०/ १९४७ नंतरच्या भाडेकरूकडे पावती नसे, कारण पावती देणे म्हणजे घरमालकाने गुन्हा कबूल करणे होते. आज ते कारण उरलेले नाही. कायदा मुंबईचा असो वा दिल्लीचा, न्यायाधीश पुरावा मागणारच. डिपॉझिट देतानाच पावती घ्यावी, करारात रक्कम लिहून घ्यावी आणि खोली सोडताना मागणी लेखी करावी.