सर्किट ब्रेकर आणि सर्ज प्रोटेक्टर

सर्किट ब्रेकर आणि सर्ज प्रोटेक्टर : वीजजोडणीच्या सुरक्षेसाठी बसवली जाणारी, पण दोन वेगळ्या धोक्यांसाठी असलेली साधने. सर्किट ब्रेकर विद्युत् प्रवाहावर लक्ष ठेवतो. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तो मंडल तोडतो आणि वायर तापून लागणारी आग टाळतो. सर्ज प्रोटेक्टर विद्युत् दाबावर लक्ष ठेवतो. दाब क्षणभर अतोनात वाढला की ती उसळी अर्थिंगकडे वळवून तो उपकरणे वाचवतो. दोन्ही साधने एकाच वितरण पेटीत (डीबी) शेजारी बसतात आणि दिसायलाही सारखी असतात. त्यामुळे सर्किट ब्रेकर बसवला म्हणजे टीव्ही-फ्रिज सुरक्षित झाले, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे.

सर्किट ब्रेकर : घरगुती वापराच्या छोट्या सर्किट ब्रेकरला एमसीबी म्हणतात. पूर्वी हे काम चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमधील तार करीत असे. तार वितळली की नवी बांधावी लागे, आणि घाईत जाड तार बांधली गेली की संरक्षणच संपे. खटका वर करून पुन्हा चालू करता येणाऱ्या छोट्या ब्रेकरचे पेटंट जर्मनीतील मानहाइम येथील उद्योजक हूगो श्टोट्स यांच्या कंपनीने १९२४ मध्ये घेतले.

एमसीबीच्या आत दोन यंत्रणा असतात. पहिली द्विधातू पट्टीची. वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची ही पट्टी प्रवाहाने तापते, वाकते आणि खटक्याची कडी सोडवते. जादा भार जितका मोठा, तितकी ती लवकर वाकते. दुसरी यंत्रणा विद्युत् चुंबकाची. शॉर्ट सर्किट झाले की गुंडाळीतील दांडा झटक्यात सरकतो आणि संपर्क उघडतात. उघडणाऱ्या संपर्कांमध्ये प्रज्योत पेटते. ती शेजारच्या लोखंडी पट्ट्यांच्या चळतीत ढकलली जाते, तिथे तिचे तुकडे पडतात आणि ती थंड होऊन विझते.

आयएस/आयईसी ६०८९८-१ या मानकानुसार १६ अँपिअरची एमसीबी सुमारे १८ अँपिअर प्रवाहाला तासभर पडता कामा नये, आणि सुमारे २३ अँपिअरला तासाच्या आत पडलीच पाहिजे. तत्काळ पडण्याची मर्यादा प्रकारानुसार बदलते : ‘बी’ प्रकारात नामांकित प्रवाहाच्या ३ ते ५ पट, ‘सी’मध्ये ५ ते १० पट आणि ‘डी’मध्ये १० ते २० पट. चालू होताना जास्त प्रवाह खेचणाऱ्या पंखे-मोटारींसाठी ‘सी’ प्रकार सोयीचा ठरतो.

एमसीबीचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरतो. वारंवार पडते म्हणून १६ अँपिअरच्या जागी ३२ अँपिअरची एमसीबी बसवणे घातक आहे. २.५ चौ. मिमी. वायर भिंतीत तापत राहते, तिचे आवरण जळू लागते आणि एमसीबी मात्र शांत असते.

सर्ज प्रोटेक्टर : भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असतो. जवळपास वीज कोसळली किंवा वीजवाहिनीवर मोठे स्विच उघडले-मिटले की या दाबावर हजारो व्होल्टची उसळी स्वार होते. ती काही मायक्रोसेकंदच टिकते. एमसीबीचे संपर्क उघडायला काही मिलिसेकंद लागतात, म्हणजे उसळी त्याआधीच उपकरणात शिरून गेलेली असते.

सर्ज प्रोटेक्टरचा मुख्य भाग बहुधा झिंक ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांपासून भाजून केलेली चकती असते. तिला व्हॅरिस्टर म्हणतात. जपानच्या मात्सुशिता कंपनीतील संशोधनातून ती १९७० च्या सुमारास पुढे आली. नेहमीच्या दाबाला चकतीतून नगण्य प्रवाह जातो. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की नॅनोसेकंदांत तिचा रोध कोसळतो, उसळीचा प्रवाह अर्थिंगकडे जातो आणि लगेच चकती पूर्वस्थितीत येते. वीजपुरवठा या काळात खंडित होत नाही.

बसवण्याच्या जागेनुसार याचे तीन प्रकार पडतात. प्रकार १ इमारतीवर तडितरक्षक असेल तेव्हा मुख्य प्रवेशापाशी, प्रकार २ वितरण पेटीत आणि प्रकार ३ उपकरणाजवळ बसतो. चकती प्रत्येक मोठ्या उसळीबरोबर थोडी झिजते. म्हणून बहुतेक साधनांवर छोटी खिडकी असते : हिरवी असेपर्यंत साधन चालू, लाल झाली की बदलायचे.

जोडणीची वायर आखूड हवी. उसळीचा प्रवाह इतक्या वेगाने वाढतो की मीटरभर वायरवरही सुमारे हजार व्होल्टचा दाब उभा राहू शकतो आणि तो उपकरणावर पडतो. जोडवायरची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवण्याची शिफारस यासाठीच आहे. अर्थिंग खराब असेल तर उसळी जिरवायला वाट उरत नाही.

दोघांच्या मर्यादा : जादा भाराच्या वेळी दाब २३० व्होल्टच्या आसपासच असतो, त्यामुळे सर्ज प्रोटेक्टरला काहीच जाणवत नाही. उलट, उसळीच्या वेळी एमसीबी वेळेत हलत नाही. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल तुटला, तर काही घरांत दाब ४०० व्होल्टच्या दिशेने चढतो आणि मिनिटेच्या मिनिटे टिकतो. हा दीर्घ जादा दाब व्हॅरिस्टरलाही जाळतो. त्यासाठी दाब वाढताच पुरवठा तोडणारा वेगळा रिले लागतो.

माणसाला बसणाऱ्या शॉकपासून या दोन्हींपैकी कोणीच भरवशाने वाचवत नाही. शरीरातून जाणारे काही दशांश अँपिअर जीव घेऊ शकतात, आणि एमसीबीच्या दृष्टीने हा प्रवाह किरकोळ असतो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची तुलना करून ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडणारी आरसीसीबी हे काम करते. तिच्यावरील ‘टी’ बटण दाबून ती पडते की नाही, हे वेळोवेळी पाहावे.

महाराष्ट्रातील निकड : एप्रिल ते जूनमधील वळवाच्या पावसात मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रात विजांचा कडकडाट मोठा असतो. खांबांवरून उघड्या तारांनी वीज येणाऱ्या वस्त्या-शेतांत उसळ्या थेट घरापर्यंत पोहोचतात. पंपाचे स्टार्टर, इन्व्हर्टर, वाय-फाय राउटर यांना त्यांचा पहिला फटका बसतो. बाजारातील अनेक ‘स्पाइक गार्ड’ पट्ट्यांमध्ये फक्त फ्यूज किंवा स्विच असतो. व्हॅरिस्टर आहे का आणि तो किती किलोअँपिअरचा आहे, हे वेष्टनावर वाचूनच पट्टी घ्यावी. वीज थेट घरावर पडली तर कोणतीही पट्टी पुरत नाही. आभाळ भरून आले की प्लग काढून ठेवणे हाच खात्रीचा उपाय.

वायरसाठी एमसीबी, माणसासाठी आरसीसीबी, उपकरणांसाठी सर्ज प्रोटेक्टर आणि तिन्हींच्या पाठीशी चांगले अर्थिंग, अशी ही व्यवस्था आहे. खर्च टप्प्याटप्प्याने करायचा असेल तर आधी अर्थिंग तपासून घ्यावे, मग आरसीसीबी बसवावी आणि त्यानंतर सर्ज प्रोटेक्टर घ्यावा. टीव्ही पुन्हा विकत घेता येतो, जीव नाही. ही सगळी जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.