धावपट्टीवरचा दिवा आणि पावसाळ्याचा पंधरवडा

आजचा प्रश्न साधा दिसतो. धावपट्टीवर सौरदिवे लावले, तर ते बाराही महिने भरवशाचे ठरतील का? सिन्नरकरांना तो परका नाही. शेजारच्या कोपरगाव तालुक्यात, काकडीला, शिर्डीचा विमानतळ २०१७ साली सुरू झाला. तिथं रात्रीची विमानं उतरायला मात्र २०२५ उजाडलं. धावपट्टी असणं वेगळं आणि ती अंधारात वैमानिकाच्या कामी येणं वेगळं.

हा प्रश्न आपल्या हवाई टपालाइतकाच जुना आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं. पुढे मद्रासच्या वाटेवर बेल्लारीला रात्रीचा मुक्काम होता, कारण रात्री उडण्याची सोयच नव्हती. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, म्हणून सेवा पुण्याला हलवावी लागे. रात्र आणि पावसाळा, हे तेव्हाचे दोन अडसर. सौरदिव्यापुढेही नेमके हेच दोन आहेत.

माणसाच्या देखरेखीशिवाय जळणारा दिवा ही कल्पना मात्र त्याहून जुनी. स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांनी दीपगृहांसाठी एक झडप बनवली. ऊन पडलं की ती गॅस बंद करायची, अंधारलं की सोडायची. त्यांना १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण बघा, तिथं सूर्य फक्त इशारा द्यायचा, इंधन टाकीत असायचं. १९५४ साली बेल प्रयोगशाळेनं सिलिकॉनचा सौरघट दाखवला आणि सूर्यच इंधन झाला. गॅसच्या टाकीला ढगांची पर्वा नव्हती; सौरघटाला आहे.

आता आपल्या आकाशाचा हिशोब करू. आपल्याकडे डिसेंबरात रात्र सुमारे १३ तासांची, पण आकाश निरभ्र. जूनच्या अखेरीस रात्र पावणेअकरा तासांच्या आसपास, पण पुढं आषाढ-श्रावणाची झड. लंडनला मोठी रात्र आणि दुबळं ऊन एकदमच येतात. आपल्याकडे ती वेगवेगळ्या ऋतूंत येतात. ही आपली सोय आहे, पण पुरती नाही. समजा, एक दिवा १ वॅटचा आहे आणि रात्रभर, ११ तास, जळतो. रात्रीला ११ वॅट-तास लागले. पाच दिवस ऊन जवळजवळ पडलंच नाही, तर बॅटरीत ५५ वॅट-तास शिल्लक हवेत. बॅटरी जुनी झाली असेल, तर मुळात त्याहून मोठी हवी. वर्षाची सरासरी इथं कामाची नाही. सरासरी तीन फूट खोल नदीत माणूस बुडतोच की!

कोणी म्हणेल, कोचीचा विमानतळ २०१५ पासून पूर्ण सौरऊर्जेवर आहे ना? आहे. पण तिथला प्रकल्प वीजजाळ्याला जोडलेला आहे. दिवसा जास्तीची वीज जाळ्यात द्यायची, रात्री परत घ्यायची. तो वर्षाचा जमाखर्च झाला. धावपट्टीच्या कडेला एकट्यानं उभ्या असलेल्या दिव्याला उधारी मिळत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियम मोठ्या विमानतळाला सरासरी विचारत नाहीत. वीज गेली तर पर्यायी वीज किती वेळात येते, ते विचारतात. साधारण १५ सेकंद. अगदी कमी दृश्यमानतेत, काही दिव्यांसाठी, एकच सेकंद.

आपल्या न्यायशास्त्रात व्याप्ती म्हणजे जिथं धूर तिथं अग्नी, असा न चुकणारा संबंध. एक अपवाद सापडला की व्याप्ती मोडते. ‘३६० रात्री दिवे लागले’ ही कौतुकाची गोष्ट आहे, व्याप्ती नव्हे. उरलेल्या पाच रात्रींतही कुणीतरी उतरणार असतं.

मग सौरदिवे नकोत का? तसं नाही. जिथं केबल टाकणं परवडत नाही अशा छोट्या पट्टीवर, किंवा वीज गेल्यावरची राखीव सोय म्हणून, ते खरोखर उपयोगाचे आहेत. रोजच्या प्रवासी विमानांसाठी मात्र त्यांच्या पाठीशी वीजजाळं आणि जनरेटर हवाच. घेताना विक्रेत्याला एवढं विचारावं: बॅटरी चार वर्षांची झाली आहे, पाच दिवस झड आहे, पहाटेचे चार वाजलेत; तेव्हा दिवा पूर्ण तेजानं लागेल का? काही सौरदिवे बॅटरी उतरली की आपोआप मंद होतात. कागदावर तो ‘चालू’ असतो. वरून पाहणाऱ्याला तो दिसायला हवा.