पाणी दबत नाही

"सर, पोफळीत पाणी दाबून वीज करतात ना?" वर्गात हा प्रश्न येतोच. चूक मुलांची नाही. उर्दूत शिकवताना मीच प्रेशरलाही 'दबाव' म्हणतो आणि कॉम्प्रेशनलाही. मराठीत दाब वेगळा, संपीडन वेगळं.

पूर्वेकडे जाणाऱ्या कोयनेचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या अलीकडे वळवलं आणि पोफळीच्या डोंगराच्या पोटातलं वीजघर १९६२ साली सुरू झालं. पाणी सुमारे पावणेपाचशे मीटर खाली येतं. दर दहा मीटरला हवेच्या दाबाइतकी भर, म्हणजे तळाशी जवळपास ४७ पट. एवढ्या दाबाखाली ५०० लिटर पाणी आक्रसतं जेमतेम लिटरभर! म्हणून यंत्रं अचानक थांबली, तर धावतं पाणी दबून धक्का जिरवत नाही. त्याला वर चढायला जागा लागते, तीच सर्ज वेल.

हवा मात्र दबते. कुंभार्ली घाट चढणाऱ्या एसटीच्या इंजिनात ती सोळा-सतरा पट कमी जागेत कोंबली जाते आणि इतकी तापते, की डिझेल ठिणगीवाचून पेटतं. रुडॉल्फ डिझेलने १८९७ पर्यंत हे इंजिन चालवून दाखवलं.

झिप फाइलमध्ये तर काहीच दाबलं जात नाही. वारंवार येणाऱ्या अक्षराला छोटा संकेत, क्वचित येणाऱ्याला लांब. ही युक्ती डेव्हिड हफमनची, १९५२ ची. फाइल उघडली की अक्षर न् अक्षर परत मिळतं. मोबाइलवरून आलेल्या फोटोतला गेलेला तपशील मात्र परत येत नाही.

मग याला उर्दूत काय म्हणायचं? एक मुलगी म्हणाली, "समेटना." तेव्हापासून फळ्यावर मी तेच लिहितो.