चपटी खडी

"खडीची बी परीक्षा असती व्हय गं?"

सुट्टीत घरी आले होते. आजी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती आणि मी तिला माझी नोकरी समजावून सांगत होते. समृद्धी महामार्गाचं काम तेव्हा आमच्या सिंदखेडराजा-जालना पट्ट्यातून जोरात चाललं होतं. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर मी तिथल्या एका कॅम्पवर क्वालिटी लॅबमध्ये लागले. लॅब म्हणजे पत्र्याची लांबट खोली. आत चाळण्या, ओव्हन, काँक्रीटचे क्यूब दाबून फोडायचं मशीन आणि कोपऱ्यात खडीला मार देऊन बघायचं यंत्र. लोखंडी वाटीत 10 ते 12.5 मिलिमीटरची खडी ठासून भरायची, वरून जवळजवळ 14 किलोचा घण 38 सेंटिमीटरवरून 15 वेळा पडू द्यायचा, मग 2.36 मिलिमीटरच्या चाळणीतून जो भुगा खाली येईल तो तोलायचा. शंभराला तिसाच्या वर भुगा गेला की ती खडी रस्त्याच्या वरच्या थराला चालत नाही.

आजीनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "पंधरा घाव लागतेत तुमाला. आमाला एका घावात कळायचं. चांगला फत्तर खणकन वाजतो. मांजऱ्या आसला की भद्द करतो. भद्द आला की बाजूला टाकायचा, त्याच्यापायी हात दुखवायचा न्हाई."

मी लॅबमध्ये परत गेले आणि दुसऱ्या दिवशी कोणी नसताना एक काळा दगड आणि एक मांजऱ्या असे दोन्ही हातोडीनं वाजवून बघितले. आजी म्हणाली तसंच होतं.

ती हे बहात्तरच्या दुष्काळात शिकली. आमच्या घरात बहात्तर नुसतं म्हटलं तरी पुरतं, पुढं दुष्काळ जोडावा लागत नाही. आधीची दोन वर्षं पावसानं ओढ दिलीच होती, बहात्तरला तर विहिरींनी तळ दाखवला. जनावरं बाजारात मातीमोल गेली. माझे वडील तेव्हा वर्षाचे. सरकारनं कामं काढली: पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडीकेंद्रं. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. 1973 च्या मे महिन्यात राज्यभरात या कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसं होती. हा आकडा मी पुस्तकात वाचला तेव्हा आजीला सांगितला. तिला त्याचं काही वाटलं नाही. "मला माझ्या रांगंतल्या बाया म्हाईत," म्हणाली.

आधी चार-पाच महिने ती गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावावर होती. आजोबा टिकावानं खणायचे, आजी घमेलं वाहायची. मग रस्त्यासाठी खडी फोडायचं काम निघालं आणि बायांना तिकडं लावलं. आमच्या गावापासून मोठ्या सडकेपर्यंतचा फाटा तोवर नुसती गाडीवाट होता.

खडी फोडण्याबद्दल तिनं मला एकदाच सलग सांगितलं. एरवी तुकड्यातुकड्यानं. पहाटे तांबडं फुटायच्या आत जायचं, कारण दगड एकदा तापला की मांडीवर घेववत नाही. बाप्ये सुतकीनं मोठा धोंडा फोडून देणार, बायांनी हातोडीनं त्याची दीड-दोन इंची खडी करायची. डाव्या हाताच्या बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळायचे. ट्यूब मिळाली नाही तर लुगड्याची चिंधी. पोरं बाभळीला बांधलेल्या झोळीत. कपची उडून डोळ्यात जायची म्हणून हातोडी पडताना डोळे मिटायची सवय लावून घ्यायची, आणि तरी नेमका घाव बसला पाहिजे. आजीच्या डाव्या डोळ्यात पांढरा ठिपका आहे. लहानपणी मला वाटायचं तो जन्मापासूनचा असेल.

दुपारी सुकडी मिळायची. तिची चव कशी होती विचारलं तर ती थोडा वेळ गप्प बसते, मग म्हणते, "ग्वाड व्हती. पोरांना आवडायची." रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो. तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात फिरायची. आजी आजही ताटात कुणी ज्वारीची भाकरी अर्धी टाकली तर बोलत काहीच नाही, उचलून स्वतः खाते.

पैसे हजेरीवर नव्हते, मापावर होते. फोडलेल्या खडीचा चौकोनी ढीग लावायचा, वरून सपाट करायचा. कारकून पट्टी घेऊन यायचा, लांबी-रुंदी-उंची घ्यायचा आणि ब्रासचा हिशेब मांडायचा. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. आठवडाभर हातोडी चालवून एकीच्या हातून कितीशी खडी होणार! दिवसाचा हिशेब काढला तर कधी दीड रुपया पडायचा, कधी दोन. आजीला त्या वेळी लिहिता येत नव्हतं, पण ढिगाचं माप वितीनं तिला बरोबर कळायचं. एकदा मुकादमानं तिचा ढीग अर्ध्या फुटानं कमी लिहिला. ती भांडली नाही. कारकून आला तेव्हा त्याच्यासमोर ढिगाच्या कडेनं विती टाकत चालत गेली आणि म्हणाली, "सायेब, तुमची पट्टी लावा." त्यानं लावली. आजीची वीत खरी ठरली. त्या हप्त्याला तिच्या रांगेतल्या सगळ्या बायांनी तिच्याकडून आपले ढीग मापून घेतले.

आणखी एक. चपटी खडी चालायची नाही. फत्तर फुटताना कधी कधी पापुद्र्यासारखी चीप निघते. ती ढिगात खपून जाते, ढीग फुगलेला दिसतो, माप वाढतं. काही जण तसं करायचे. पोट रिकामं असताना कुणी केलं तर मी त्यांना दोष देणार नाही. आजी करायची नाही. तिचं कारण साधं होतं: रोलर फिरला की चीप मोडते, ती मोडली की तिथं खड्डा. "आन्‌ त्या खड्ड्यातनं माझीच गाडी जानार व्हती."

हेच मी लॅबमध्ये करते. पत्र्याच्या पट्टीला वेगवेगळ्या रुंदीच्या खाचा असतात. खडीचा एकेक तुकडा आपापल्या मापाच्या खाचेतून घालून बघायचा. त्या गटाच्या सरासरी मापाच्या सहा दशांशाहून पातळ असलेला तुकडा चपटा धरायचा. त्याची टक्केवारी काढून रजिस्टरला लिहायची आणि सही करायची. या कामाबद्दल मला पगार मिळतो आणि माझ्या हुद्द्यात 'इंजिनियर' हा शब्द आहे. आजीचं नाव ज्या मस्टरवर होतं त्यावर तिच्यासारख्यांचा वर्ग 'अकुशल' असा लिहिलेला असे. पुढे वि. स. पाग्यांच्या प्रयत्नातून आलेली रोजगार हमी योजना कायदा झाली. 1977 साली मंजूर होऊन 26 जानेवारी 1979 पासून ती लागू झाली आणि मागेल त्याला काम हा हक्क ठरला. ही फार मोठी गोष्ट होती, आमच्या घराला तिनं दोनदा तारलं. पण तिच्याही कागदांत तो शब्द तसाच राहिला. दगडाचा आवाज ओळखणारी, वितीनं ब्रास मोजणारी बाई अकुशल कशी, हे मला कुणी समजावून सांगावं.

आजोबा नंतर मैलकुली झाले. हा शब्द आता ऐकू येत नाही. सडकेचा ठरावीक तुकडा एकेका टोळीच्या हवाली असायचा. खड्डे मुरमानं भरायचे, साइडपट्टी राखायची, मोरीत अडकलेला कचरा काढायचा, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरूचे पट्टे मारायचे. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली 1927 साली रस्त्यांसाठी समिती नेमली गेली, तिच्या सांगण्यावरून पेट्रोलवर जादा कर बसला आणि त्यातून रस्त्यांचा निधी उभा राहिला. 1943 साली नागपुरात देशभरचे मुख्य अभियंते जमले आणि राष्ट्रीय, राज्य, जिल्हा, ग्रामीण अशी रस्त्यांची प्रतवारी ठरली. हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. आजोबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पण आपल्या तुकड्यातला प्रत्येक वड आणि लिंब त्यांना ठाऊक होता. सडक रुंद झाली तेव्हा ते वड गेले. त्या महिन्यात आजोबा सडकेकडं फिरकले नाहीत.

कॅम्पवरचा दिवस सहाला सुरू होई. सगळ्यांना उभं करून सुरक्षेचं सांगायचं, हेल्मेट आणि चमकती जाकिटं तपासायची, मग हायवा गाड्यांची रांग सुटायची. बिहार, झारखंड, मध्य प्रदेशातली पोरं, आमच्याकडची ट्रॅक्टर-टँकरवाली. आमच्या कॅम्पवर कामाच्या जागी बायांसाठी संडास यायला चौदा महिने लागले. तोवर मी आणि पाणी मारणाऱ्या बाया सकाळपासून पाणी कमी पीत असू. आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आमी बी तसंच करायचो." पन्नास वर्षांत एवढं एक बदलायला नको होतं का?

उन्हाळ्यात काँक्रीट रात्री टाकायचं. ताज्या मालाचं तापमान तीस अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं, म्हणून पाण्यात बर्फ पडतो आणि हॅलोजनच्या उजेडात पेवर मुंगीच्या पावलानं सरकतो. मी मिक्सरमधून माल घेऊन क्यूब भरायची. खरा जीव टांगणीला लागतो तो नंतर. काँक्रीट सुकताना आकसतं, ते आपल्या मर्जीनं तडकायच्या आत दर साडेचार मीटरवर कटरनं खाच पाडावी लागते. लवकर पाडली तर कडा ढासळतात, उशीर झाला तर तडा वाकडातिकडा जातो. कटर चालवणारा झारखंडचा पोरगा पहाटे अडीच-तीनला स्लॅबवर खिळ्यानं ओरखडा काढून बघायचा आणि म्हणायचा, "अभी नहीं, मॅडम." पुस्तकात तासांची मर्यादा दिलेली आहे. आम्ही त्याच्या खिळ्याची वाट बघायचो. एका रात्री तो आजारी होता, दुसऱ्यानं घड्याळ बघून दोन तास उशिरा कटर लावला. सकाळी तीन स्लॅब आडवे तडकले होते. ते ब्रेकरनं फोडून काढले.

तोही मस्टरवर 'हेल्पर' होता. मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं तेव्हा काही दिवस कॅम्पवर थांबून तो आणि त्याच्या गावची माणसं चालत निघाली. 8 मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यातले, मध्य प्रदेशाकडं निघालेले. आमचे नव्हते. पण नावं कळेपर्यंतचे ते तास मी लॅबमध्ये बसून काढले, आणि आपले नाहीत हे कळल्यावर जे हायसं वाटलं त्याची मला अजून लाज वाटते. आमचा पोरगा जुलैत फोनवर सापडला. परत आला नाही.

भरावाला मुरूम लागतो, तो कुठून आणायचा हा रस्त्याचा नेहमीचा प्रश्न. बुलडाणा जिल्ह्यात महामार्गाच्या कामासाठी गाळानं भरलेले तलाव खोल करून तीच माती-मुरूम वापरायची पद्धत निघाली. रस्त्याला भराव मिळतो, गावाला पाणी. आमच्या कामावरही तसा एक तलाव मिळाला. नमुना तपासायला मी गेले तर तो आजीचा पाझर तलाव निघाला. पोकलेननं गाळ काढल्यावर बांधाच्या पोटातलं दगडी पिचिंग उघडं पडलं. हातानं रचलेलं होतं. एकही दगड हललेला नव्हता. मी नमुन्याची पिशवी भरली, चिठ्ठी लावली, तलावाचं नाव लिहिलं. खणलं कुणी, याचा रकाना त्या चिठ्ठीवर नसतो.

नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. त्याच्या आधीच माझं काम संपत आलं होतं. पक्क्या स्लॅबची जाडी आणि ताकद बघायला त्यातून गोल कापून नळकांडं काढतात, त्याला कोअर म्हणतात. तपासून झालेला एक तुकडा मी साहेबांना विचारून घरी नेला. गुळगुळीत कापलेला, आत राखाडी सिमेंटमध्ये काळी खडी चकत्यांसारखी दिसत होती.

आजीनं तो मांडीवर घेतला. पदरानं पुसला. चष्मा लावून उजव्या डोळ्याजवळ धरला आणि अंगठ्यानं एकेका खडीवरून हात फिरवत गेली. सुपारीएवढी, हरभऱ्याएवढी, पुन्हा सुपारीएवढी. बराच वेळ गेला. मग अंगठा थांबला.

"ही चपटी कशी गेली गं?"

मी वाकून बघितलं. होती.