जिंकलेल्या पैशाची दाद

आमचा वाशिम जिल्हा कापसाचा. कारंजाच्या बाजारात भाव विचारणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आलो. पण त्याच कापसाच्या भावावर मुंबईत एके काळी जुगार चाले, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात सौदे कोणत्या भावाने उघडले नि बंद झाले, ते आकडे मुंबईत येत आणि त्यांवर पैसे लागत. १९६०च्या दशकाच्या आरंभी ते आकडे येणं थांबलं, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची युक्ती निघाली. तोच मटका.

बुकीने पैसे बुडवले तर? १८७२च्या करार कायद्याचं कलम ३० सांगतं : पैजेचा करार रद्दबातल, जिंकलेल्या रकमेसाठी दावा चालणार नाही. म्हणून मटका शब्दावर चालला.

ऑनलाइन कॅसिनोने शब्दाच्या जागी बारीक अक्षरांतले नियम आणले. समजा, बोनस १,००० रुपये आणि अट तीस पटींची. म्हणजे ३०,००० रुपयांचे डाव लावल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. शंभरामागे चार रुपये मालकाचे धरले, तरी सरासरी १,२०० रुपये जातात, बोनसपेक्षा जास्त! वाद झाला, तर नियमाचा अर्थही मालकच लावणार.

२०२५ साली संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. शिक्षा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. कलम ३० मात्र कायम आहे. तेव्हा मंडळी, बोनसचा मेसेज आला, तर एवढंच स्वतःला विचारा : जिंकलो आणि दिले नाहीत, तर मागू कुणाकडे?