फ्रेंच पियानो-संगीतातील देशी ताल

देवगिरीच्या यादव राजवटीत शार्ङ्गदेव या संगीतशास्त्रज्ञाने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात संगीतरत्नाकर हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याच्या तालाध्यायात १२० देशी तालांची लक्षणे दिलेली आहेत. त्यांपैकी बहुतेक ताल कालांतराने प्रत्यक्ष गायनवादनातून लुप्त झाले. विसाव्या शतकात मात्र ऑलीव्ह्ये मेस्यां (१९०८–९२) या फ्रेंच संगीतरचनाकाराने त्यांचा अभ्यास करून त्यांतील अनेकांची योजना आपल्या पियानो व वाद्यवृंद यांच्या रचनांत केली. विस्मृतीत गेलेली रचना लिखित स्वरूपात दीर्घकाळ टिकू शकते. तथापि ती पुन्हा नादरूप होण्यासाठी अभ्यासक आणि वादक या दोघांचीही गरज असते, हे या तालांच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

देवगिरी (दौलताबाद) आणि खानदेश यांच्यामध्ये सातमाळा-अजिंठा डोंगररांगा असून कन्नडच्या घाटातून या दोन प्रदेशांतील दळणवळण चालते. यादवांचे मांडलिक असलेले निकुंभ घराणे खानदेशात राज्य करीत होते. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात, गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी १२०७ मध्ये स्थापन झालेल्या मठाची नोंद आहे. हा मठ भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने स्थापिला. चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता आणि शार्ङ्गदेवालाही याच राजाचा आश्रय होता. पाटणच्या लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले गेले, ते डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो प्रसिद्ध केल्यावर. एकाच राजाच्या आश्रयाने बहरलेल्या गणित आणि संगीत या दोन विद्यांच्या खुणा अशा रीतीने दगडावर व पोथीत शिल्लक राहिल्या.

शार्ङ्गदेवाचे पूर्वज काश्मीरचे. त्याचा आजा भास्कर दक्षिणेत येऊन स्थायिक झाला व पिता सोढल यादवांच्या सेवेत होता. शार्ङ्गदेव स्वतः हिशेबखात्याचा प्रमुख, म्हणजे श्रीकरणाधिप होता. त्याचा ग्रंथ स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य व नृत्य अशा सात अध्यायांचा आहे. देशी तालांचे वर्णन त्याने कालमूल्यांच्या साहाय्याने केले आहे : द्रुत अर्ध्या मात्रेचा, लघू एका मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा व प्लुत तीन मात्रांचा. विराम या चिन्हाने मूळ मूल्यात त्याच्या निम्म्याची भर पडते. ही पद्धती मोजकी व नेमकी असल्यामुळे, ताल प्रत्यक्ष न ऐकलेल्या वाचकालाही त्याचा आराखडा मांडून दाखविता येतो. पुढील घडामोडींच्या दृष्टीने हा गुण महत्त्वाचा ठरला.

यादवांचे राज्य चौदाव्या शतकाच्या आरंभी लयास गेले. परंतु ग्रंथाची परंपरा चालू राहिली. सिंहभूपाल व विजयानगरचा कल्लिनाथ यांनी त्यावर टीका लिहिल्या. पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने १८९६–९७ मध्ये कल्लिनाथाच्या टीकेसह हा ग्रंथ मुद्रित केला. त्याचे संपादन मंगेश रामकृष्ण तेलंग यांनी केले होते. फ्रान्समध्ये आल्बेर लाव्हिन्याक याच्या संपादकत्वाखाली निघालेल्या संगीतकोशात १९१३ मध्ये भारतीय संगीतावरील दीर्घ लेख समाविष्ट झाला. नाट्यशास्त्राचा संपादक झोआनी ग्रोसे हा त्याचा लेखक होय. या लेखातील शार्ङ्गदेवोक्त १२० देशी तालांचे कोष्टक मेस्यांच्या पाहण्यात आले. ज्या तालांचा एकही वादक त्याने ऐकलेला नव्हता, त्यांच्याशी त्याचा परिचय असा कोशाच्या पानांतून झाला.

मेस्यांने या कोष्टकाचे विश्लेषण करून त्यातून लयरचनेची काही तत्त्वे निश्चित केली. ढेंकी हा ताल गुरू, लघू, गुरू असा पाच मात्रांचा आहे. तो उलट क्रमाने वाचला तरी तसाच राहतो. अशा लयाकृतींना मेस्यां ‘उलट न होणाऱ्या’ लयी म्हणतो. रागवर्धन तालावरून त्याने लहानशा कालमूल्याची भर घालून लयीचा समतोल हेतुपुरस्सर मोडण्याचे तंत्र विशद केले. ही तत्त्वे त्याने १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या संगीतभाषेविषयीच्या पुस्तकात मांडली. त्यापूर्वीच, जर्मन युद्धकैद्यांच्या छावणीत रचलेल्या व १५ जानेवारी १९४१ रोजी तेथेच सादर झालेल्या चतुष्टकाच्या पहिल्या भागात, पियानोकडे रागवर्धन, चंद्रकला व लक्ष्मीश या तीन तालांपासून सिद्ध केलेली लयमाला सोपविलेली होती.

पियानो व वाद्यवृंद यांच्या रचनांपैकी तुरंगलीला सिंफनी (१९४६–४८) ही एक विस्तृत रचना होय. तुरंगलील हे शार्ङ्गदेवाच्या यादीतील एका तालाचे नाव आहे. २ डिसेंबर १९४९ रोजी बॉस्टन येथे लेनर्ड बर्नस्टाइन याच्या संचालनाखाली तिचे प्रथम वादन झाले. विदेशी पक्षी या अर्थाच्या नावाची रचना (१९५५–५६) कंचेर्टोच्या, म्हणजे एकल वाद्य व वाद्यवृंद यांच्या संवादावर आधारलेल्या रचनाप्रकाराच्या, अधिक जवळची आहे. तीत तंतुवाद्ये नाहीत. पियानो व सुषिर वाद्ये भारत, चीन, मलेशिया व अमेरिका येथील पक्ष्यांचे कूजन साकारतात, तर आघातवाद्ये देशी ताल व ग्रीक वृत्ते वाजवितात. दोन्ही रचनांच्या प्रथम वादनात पियानो इव्हॉन लॉर्यो हिने वाजविला. मेस्यांची ही विद्यार्थिनी व पुढे पत्नी झालेली वादिका नसती, तर त्याच्या दुर्घट पियानोरचनांचा प्रसार इतक्या लवकर झाला नसता.

मेस्यांच्या या उपक्रमाची मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. भारतीय संगीतात ताल म्हणजे निव्वळ कालमूल्यांचा क्रम नव्हे. सम, आवर्तन, टाळी व खाली यांमुळे तो गायक-वादकाला व श्रोत्याला बांधून ठेवतो. मेस्यांने कोष्टकातील क्रम घेतला. आवर्तनाची जाणीव त्याच्या संगीतात दुय्यम आहे. त्यामुळे त्याच्या रचनांत देशी तालांचे पुनरुज्जीवन झाले असे म्हणण्यापेक्षा, त्यांच्या आराखड्यांना निराळ्या संगीतात नवे कार्य लाभले, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

या प्रदेशाशी संबंध आलेला दुसरा फ्रेंच रचनाकार आल्बेर रूसेल (१८६९–१९३७) हा होय. पूर्वाश्रमी नौदलात अधिकारी असलेला रूसेल १९०९ मध्ये भारतात आला. त्याच्या एव्होकास्याँ (१९१०–११) या रचनेचा पहिला भाग वेरूळच्या लेण्यांवरून स्फुरलेला असून पद्मावती (प्रथम प्रयोग १९२३) या ऑपेरा-बॅलेचे कथानक चितोडवरील अलाउद्दीन खल्जीच्या स्वारीचे आहे. याच अलाउद्दीनाने १२९६ मध्ये देवगिरीवर स्वारी केली होती. रूसेलचा पियानो कंचेर्टो (१९२७) मात्र क्वचितच वाजविला जातो. त्यात भारतीय विषय नाही. पण त्याची रेखीव, आटोपशीर बांधणी लक्षणीय आहे.

अशी उपेक्षा फ्रेंच संगीतात अपवादात्मक नाही. आलेक्सिस द कास्तियाँ याचा कंचेर्टो १८७२ मध्ये सें-साँस याने वाजविला असता श्रोत्यांनी तो नापसंत केला. दब्यूसीची पियानो व वाद्यवृंदासाठीची फँटसी (१८८९–९०) त्याच्या हयातीत सादरच झाली नाही. तिचे प्रथम वादन १९१९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर झाले. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच संगीतजीवनावर ऑपेराचा प्रभाव मोठा होता. शिवाय कंचेर्टोसाठी संपूर्ण वाद्यवृंद, त्याच्या तालमी व प्रत्येक वादकासाठी स्वतंत्र स्वरलिपी लागत असल्याने, अपरिचित कृतीचा खर्च पत्करण्यास संस्था सहसा धजत नाहीत. ध्वनिमुद्रणामुळे ही स्थिती अंशतः पालटली. १९९१ मध्ये सुरू झालेल्या एका इंग्लिश ध्वनिमुद्रण-मालेतून गाब्रिएल पियेर्ने, शार्ल-मारी विदोर इत्यादींचे कंचेर्टो श्रोत्यांपर्यंत पोहोचले.

कास्तियाँचा कंचेर्टो काय किंवा शार्ङ्गदेवाचे ताल काय, काळाच्या ओघात मागे पडणे हा त्यांच्या गुणवत्तेवरील अंतिम निर्णय ठरत नाही. वि. का. राजवाडे यांनी गावोगावची दप्तरे शोधून मराठ्यांच्या इतिहासाची साधने जमविली आणि त्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळे येथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले, तेही याच जाणिवेतून. इतिहासाच्या कागदाचे वाचन झाले की त्याचे कार्य बव्हंशी सिद्ध होते. संगीताच्या कागदाला मात्र वादनाचीही अपेक्षा असते. देशी तालांना त्यांच्या जन्मभूमीत असे वादक व गायक मिळवून देणे, हे कार्य पुष्कळसे शिल्लक आहे.